तळ हाताला कळला पाहिजे: गोबरा आणि तांबोशी गरवायला येणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्गातल्या निवतीच्या बंदरातून पहाटे साडेपाचला माझी होडी सुटते. २८ फुटी फायबरची होडी, मी, माझा चुलतभाऊ आणि जास्तीत जास्त चार पाहुणे. वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या दीपगृहाच्या अलीकडे-पलीकडे जी खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, आहेत तिथे आम्ही नांगर टाकतो आणि तळाला गरी सोडतो. मिळतो तो गोबरा, ज्याला मुंबईच्या बाजारात हेकरू म्हणतात, आणि नशीब असेल तर तांबोशी, गोव्यातला तामसो. येणाऱ्या प्रत्येकाला होडीत बसल्यावर मी तेच तेच सांगतो, आणि इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू जात नाही. म्हणून इथे सगळं नीट लिहून काढतो.

आधी दिवस कसा ठरवायचा ते. पाहुण्यांना शनिवार-रविवार हवा असतो, मी तिथी विचारतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला इतकी ओढ असते की अर्धा किलो शिसं लावलं तरी दोरी तिरकी होऊन होडीच्या मागे तरंगते. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस बघा, अष्टमीच्या मागेपुढे, साधारण सप्तमी ते एकादशी. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर साडेसात, म्हणजे साधारण साडेसातला पाणी भरणार. थोडं इकडेतिकडे होतं, पण ठरवायला पुरतं. पाणी भरून थांबतं त्याच्या आधीचा अर्धा तास आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यानंतरचा पाऊण तास, हा खरा वेळ. मासा तेव्हा बिळाच्या तोंडाशी येतो आणि दोरी सरळ खाली उभी राहते. बाकी चार तास हे त्या सव्वा तासाची तयारी आणि आवराआवर समजा.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा फोन करू नका. ऑगस्टमध्ये समुद्र उघडतो, पण तळ गढूळ असतो आणि लाट मोठी असते. मी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत खुशीने नेतो. त्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा. बारा वाजले की वारा समुद्रावरून उलटतो आणि पाणी खवळायला लागतं. म्हणून साडेअकराला मी नांगर काढतो, मग गरीला काहीही लागत असो.

होडी कुणाचीही घ्या, पण निघण्यापूर्वी काही गोष्टी तोंडावर विचारा. माणसं नेण्याचा मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, कोणाला किनाऱ्यावर सांगून निघणार, आणि मिळालेला मासा कोणाचा. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग परतताना तोंडं पडतात. माझ्याकडे भाडं होडीचं असतं. मासा पाहुण्यांचा, त्यातला एक होडीला.

तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, दोन गोष्टींची गळ घालू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांत, गरी टाकायला नेण्याची. ते क्षेत्र १९८७ पासून राखीव आहे आणि तिथे वाचलेलं पिल्लूच उद्या आमच्या खडपावर येतं. आणि आंग्रिया बँकेवर नेण्याची. तो प्रवाळाचा पट्टा विजयदुर्गपासून १०० किलोमीटरच्या पुढे आहे, माझ्यासारख्या होडीचं ते काम नव्हे. वेंगुर्ला रॉक्सवर उतरायलाही मी देत नाही. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत.

समुद्र लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. होडीत बसून मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. उपाशी पोटी येऊ नका, कोरडी भाकरी किंवा बेकरीतले दोन बटर खाऊन या. आमिष कापताना खाली बघत राहिलात की पोट ढवळतं, तेव्हा आमिष मी कापतो, तुम्ही दीपगृहाकडे बघा.

आता सामान. रॉड आणायचा तर आणा, पण पहिला तास माझी हातदोरी धरा असं मी प्रत्येकाला सांगतो. रॉड आणि रीळ तुमच्या आणि तळाच्या मध्ये उभं राहतं, नवख्याला खाली काय चाललंय ते समजत नाही. हातदोरी म्हणजे एक मिलिमीटर जाडीची तंगूस (नायलॉनची दोरी), लाकडी फळीवर गुंडाळलेली, ६० वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं ते अंतर, सुमारे सहा फूट. आमच्या खडपावर पाणी चौदा-पंधरा वाव आहे, म्हणजे दोरी चौपट. मोठा मासा पळाला तर द्यायला हवी ना.

दोरीच्या टोकाला वजन, त्याच्या वर हातभर अंतरावर एक फाटा, फाट्याला एकच गळ. दोन-तीन गळ लावण्याचा मोह टाळा, खडपात दुसरा गळ अडकतो आणि पहिल्याला लागलेला मासाही जातो. मी आता गोल गळच वापरतो, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. वजन मुख्य दोरीला थेट बांधायचं नाही. मध्ये वीतभर कच्चा दोरा घालायचा. वजन कपारीत अडकलं तर तो दोरा तुटतो, गळ आणि मासा हातात राहतो. आणि वजन शिशाचंच हवं असं काही नाही. दर फेरीला दोन-चार वजनं खाली राहतात, शिसं तिथे कशाला साठवायचं? मी गॅरेजमधून गंजलेले मोठे नट आणतो, दोन-तीन एकत्र बांधतो. तळ टिकेल इतकंच वजन लावा, त्याहून एक नटही जास्त नको.

आमिषाला बांगडा. ताजा, बर्फातला, पण गोठवून मऊ झालेला नको. तिरकी पट्टी कापायची, चार बोटं लांब, एका बाजूला कातडी राहील अशी. गळ कातडीतून दोनदा काढायचा आणि टोक उघडं ठेवायचं. शेपटीकडचा तुकडा लावलात तर तो पाण्यात भिरभिरतो आणि दोरीला पीळ पडतो. बारीक मासे टोचून टोचून बांगडा संपवत असतील तर म्हाकूल (स्क्विड) लावा, ती चिवट असते. आणि गोबऱ्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे बारीक गळाने तिथेच पकडलेली जिवंत राणी मासळी, पाठीच्या काट्याखाली गळ लावून सोडलेली.

नांगर टाकणं हे माझं काम, तरी ते बघा, कारण अर्धी शिकार तिथे होते. जीपीएसवर जागा साठवलेली आहे, पण बाबांच्या खुणा मी अजून लावून बघतो: किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे. आधी इंजिन बंद करून होडी सोडून देतो आणि ओढ कुठली आहे ते पाहतो. मग ओढीच्या वरच्या बाजूला, खडपाच्या बाहेर रेतीत, लोयली, म्हणजे सळ्यांचा नांगर, टाकतो आणि दोरी सोडत सोडत होडी खडपाच्या कडेवर आणतो. कडेवर, मध्यावर नाही. गोबरा कपारीत बसून कडेने जाणाऱ्या माशांवर झडप घालतो.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

वजन सोडा आणि दोरी तर्जनीवरून जाऊ द्या. वजन टेकलं की दोरी सैल पडते. बाबा पहिल्यांदा मला घेऊन गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दर वेळी ते एकच विचारायचे, "तळ गावलो?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "कसलो?" मला उत्तर यायचं नाही. मग ते वजन वीतभर उचलायला लावायचे आणि परत सोडायला. रेतीवर वजन थप्प बसतं आणि जरा घसरतं. चिखलात ते रुततं, उचलताना कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. खडपावर ठक्क, आणि तो ठोका बोटातून मनगटापर्यंत येतो. दहा वेळा उचलून सोडा. नऊ वेळा ठक्क आणि एकदा वजन अचानक हातभर जास्त खाली गेलं, तर ती कपार. तीच जागा. वजन तिथून दोन वीत वर घ्या आणि स्थिर धरा.

बोटांना मी जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे देतो, ते घालाच. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. मी पंधरा वर्षांचा असताना गुंडाळली होती. गोबरा खाली गेला, तंगूस तळहातात हाडापर्यंत उतरली. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही.

बारीक मासे टोचतात तेव्हा टक-टक-टक असं घड्याळासारखं लागतं. हलू नका. तांबोशी दोन ठोके देते, क्षणभर थांबते आणि मग आमिष घेऊन बाजूला धावते. गोबऱ्याचं वेगळं. तो ठोका देत नाही, तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत ओढतो. तुम्हाला फक्त जडपणा लागतो, दोरीवर कोणीतरी ओलं पोतं ठेवल्यासारखा. इथे नवखा माणूस झटका मारतो आणि गोल गळ तोंडातून सुटतो. झटका नको. दोरी ताणून धरा, जडपणा वाढू द्या आणि मग हात-हात ओढायला लागा, न थांबता. पहिले दोन वाव तुमचे, तर मासा तुमचा. तेवढ्यात थांबलात तर तो बिळात शिरतो, कल्ले फुगवतो, काटे उभारतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो.

बसलाच, तर जोर लावू नका. गेल्या डिसेंबरात ठाण्याहून आलेल्या एका काकांचा मासा असा बसला. ते पाय रोवून ओढायला लागले. मी दोरी त्यांच्या हातून घेतली आणि दोन हात सैल सोडली. "अहो, जाईल तो!" ते ओरडले. त्यांना म्हटलं, काका, पाच मिनिटं गप्प बसा. दोरी बोटावर हलकी ठेवली. चौथ्या मिनिटाला ती एक इंच सरकली, मग वीतभर. गोबऱ्याला वाटलं होतं सगळं निवळलं, तो बाहेर निघाला होता. दोरी काकांच्या हातात दिली, म्हटलं, आता ओढा, आणि थांबू नका. चार किलोचा होता.

वर आलेल्या माशाच्या कल्ल्यात बोटं घालू नका, गोबऱ्याच्या गालफडाला काटे असतात आणि कल्ल्याच्या आतली बाजू कानशीसारखी आहे. तांबोशीचे सुळे बोटातून आरपार जातात. ओलं फडकं टाकून धरा, पकडीने गळ काढा.

लहान असेल तर सोडायचा, आणि फार मोठा गोबरा असेल तरीही मी सोडायला सांगतो. गोबरा आधी मादी असतो, वाढल्यावर नर होतो. खडपावरचे मोठे सगळे काढले तर नर उरत नाहीत. यावर पाहुण्यांशी माझी वादावादी झालेली आहे, तरी मी हेच सांगणार.

पण सोडणं म्हणजे पाण्यात फेकणं नव्हे. पंधरा वावांवरून वर आला की माशाच्या आतली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून फुग्यासारखं दिसतं. असा मासा खाली जाऊ शकत नाही, पाठीवर तरंगतो आणि घारी त्याला उचलतात. तो फुगा टोचू नका, ते त्याचं पोट आहे. माझ्याकडे एक मोठा गळ आहे, त्याची आकडी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, कानशीने घासून टाकलेली. दोरी त्याच्या बाकाला बांधलेली आणि नेढ्याला, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाला, एक किलोचं वजन, म्हणजे गळ उलटा लटकतो. त्याचं टोक माशाच्या खालच्या ओठात अडकवायचं आणि सोडायचं. वजन माशाला खाली घेऊन जातं, पाण्याच्या दाबाने पिशवी परत आकसते. तळाला टेकलं की वर एक हिसका, गळ सुटून येतो. पहिल्यांदा केलं तेव्हा त्या हिसक्याच्या आधीच दोरीतून मला शेपटीचे तीन फटके लागले होते. जिवंत होता.

ठेवायचा मासा मात्र तडफडत ठेवू नका. डोक्यात टोचा देऊन लगेच मारा, कल्ल्याखालची शीर कापून बादलीभर समुद्राच्या पाण्यात दहा मिनिटं रक्त जाऊ द्या. मग पेटीत बर्फ आणि खारं पाणी मिसळून त्यात पूर्ण बुडवा, पाणी न घातलेल्या बर्फावर नुसता ठेवलेला मासा वरून गरमच राहतो. बंदरावर आलात की कल्ले आणि आतडी तिथेच काढून घ्या. गोबऱ्याचं डोकं कोणालाही देऊन टाकू नका, आमच्याकडे कालवण त्याचंच करतात.