बाईकच्या इंजिनातून आवाज येतोय? इंजिन खोलायच्या आधी या चुका टाळा

इंजिनातून टिकटिक सुरू झाली की बहुतेक जण गाडी घेऊन थेट मेकॅनिककडे जातात आणि म्हणतात, "टॅपेट वाजतायत, जरा टाइट करून द्या." ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी पण हीच. टॅपेट म्हणजे मिश्रण आत घेणारा (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. त्याच्यात आणि व्हॉल्व्हच्या दांडीत जी बारीक फट असते ती मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसतच नाही, मग जळता गॅस तिथून निसटत राहतो, आणि व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावरच निघून जाते, ते टेकणंच झालं नाही की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जातं, पिकअप जातो. आणि हे सगळं होत असताना गाडी एकदम शांत चालते, म्हणून मालकाला वाटतं काम छान झालं. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, अजिबात न वाजणारा नाही.

सेटिंग करायचंच असेल तर नीट करा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू न करता. फट किती ठेवायची ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कुठे 0.05 मिमी असते कुठे 0.10, एक्झॉस्टची बऱ्याचदा इनटेकपेक्षा थोडी जास्त. फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळली की लगेच मोजायला घेतात, इथे बरेच जण फसतात, कारण इंजिनाच्या एका पूर्ण चक्रात ती खूण दोनदा जुळते आणि त्यातल्या एका वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने थोडे खुळखुळतायत का बघा, तसं असेल तरच पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे. नाहीतर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) पट्टी थोडी अडखळत सरकली पाहिजे, आणि लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा मोजा.

आता दुसरं, टिकटिक म्हणजे टॅपेटच असं नसतं. माझ्याच गाडीला सकाळी टिकटिक यायची आणि तापली की कमी व्हायची. तीन वेळा टॅपेट सेट झाले, काही फरक नाही, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली साखळी) बदला इथपर्यंत सल्ला मिळाला. शेवटी एकदा गाडी धुताना हेडला, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या भागाला, बेंड पाइप (सायलेन्सरकडे जाणारा) जिथे बसतो तिथे काळी काजळी दिसली. जोडातलं पॅकिंग दबून गेलेलं होतं आणि नट ढिले, तिथून गॅस लीक होऊन टिकटिक येत होती, धातू तापून फुगला की ती फट बंद व्हायची म्हणून आवाज जायचा. पॅकिंग बदललं, दोन नट सारखे आवळले, आवाज गायब. तेव्हापासून मी आधी बाहेरचं सगळं बघतो: बेंड पाइपचा जोड, स्पार्क प्लग घट्ट आहे का, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचं कव्हर, चेन ढिली होऊन चेनकव्हरला लागतेय का. यातलं काहीही कितीतरी वेळा "इंजिनचा आवाज" म्हणून खपतं.

मेकॅनिककडे जायच्या आधी एकच गोष्ट शोधा, आवाज नक्की कधी येतो. नुसतं "आवाज येतोय" म्हणालात तर समोरचा माणूस अंदाजाने पार्ट बदलणार. न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून क्लच दाबा, खडखड बंद झाली तर क्लच बास्केट (क्लचच्या प्लेटा धरणारा डबा) किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, पिस्टनला हात लावायची गरज नाही. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच दाबणारं बेअरिंग बघा. चालत्या गाडीत वेग तोच ठेवून गिअर बदला, इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाजाची लय तीच राहिली तर तो इंजिनातला नाहीच, चाक, चेन, स्प्रॉकेट इकडे शोधा. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी वेगात रेस दिली की पत्र्यावर बारीक खडे पडल्यासारखं वाजतंय? ते पिंगिंग, म्हणजे आतलं मिश्रण वेळेआधी किंवा चुकीच्या पद्धतीने पेटतंय. त्याला कमी ऑक्टेनचं पेट्रोल, पिस्टनवर साचलेला कार्बन, बिघडलेलं टायमिंग, लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रण अशी कारणं असतात, पण आधी खालच्या गिअरवर या आणि बघा, अनेकदा चूक आपल्या चालवण्यात असते.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या कव्हरवर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा आणि हेड, सिलिंडर, क्लचची बाजू, मॅग्नेटची बाजू असं एकेक ठिकाण ऐका. धातूतून आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे ऐकू येतोय यापेक्षा सगळ्यात मोठा कुठे येतोय हे महत्त्वाचं. हे उघड्यावरच करा, बंद खोलीत गाडी चालू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑइलबद्दल एवढंच. गाडी सरळ उभी करून लेव्हल बघा, साइड स्टँडवर ती चुकीचीच दिसते. साधारण एक लिटर ऑइल मावणाऱ्या छोट्या इंजिनात दोनशे मिली कमी झालं तरी पाचवा हिस्सा गेला, आणि हेड सगळ्यात वर असल्यामुळे कोरडं पडायला तिथूनच सुरुवात होते. आवाज दाबायला कंपनीने सांगितलेल्या 10डब्ल्यू30 सारख्या पातळ ऑइलच्या जागी जाड ऑइल टाकणं म्हणजे दुखणं झाकणं, शिवाय जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं. आणि कारचं ऑइल तर नकोच, ज्या बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो तिला डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच टाका, नाहीतर क्लच घसरायला लागतो.

टायमिंग चेनचा आवाज खरखर असा येतो, साखळी डब्यात हलवल्यासारखा, जास्त करून थंड स्टार्टला किंवा रेस सोडल्यावर. इथे लोक टेन्शनरचा (चेन ताणून ठेवणाऱ्या भागाचा) बोल्ट थोडा ढिला करून परत आवळतात. असं कधी करू नका. बऱ्याच ऑटोमॅटिक टेन्शनरमध्ये बोल्ट ढिला केला की आतली दांडी स्प्रिंगने पुढे सरकते आणि ती मागे येऊ शकत नाही, मग आवळल्यावर चेनवर नको तेवढा ताण येतो. टेन्शनर पूर्ण काढायचा, दांडी आत घेऊन लॉक करायची, मगच बसवायचा. आणि तो बाहेर असताना क्रँक फिरवायचा नाही, चेन एक-दोन दात उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. चेन बदलताय तर ती जिच्यावरून सरकते त्या गाइडच्या पट्ट्या पण बघा, झिजलेल्या पट्ट्यांवर नवी चेन टाकली की आवाज लवकरच परत येतो.

थंड इंजिनात खटखट आणि तापलं की बंद, हा बऱ्याचदा झिजलेल्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) हलणाऱ्या पिस्टनचा आवाज असतो, त्याला वेळ असतो, सावकाश काम काढता येतं. पण खालून, क्रँककेसमधून जड ठक-ठक येत असेल, लोड दिला की वाढत असेल आणि तापल्यावर अजून स्पष्ट होत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बेअरिंगचा ठोका समजा. खात्री करायला ऑइल काढा, स्वच्छ भांड्यात घ्या, उजेडात बघा, चुंबक फिरवा. अगदी बारीक भुकटी चालते, पण चमकणारे तुकडे दिसले आणि ते चुंबकाला चिकटले तर स्टीलचं काहीतरी झिजतंय, न चिकटणारे असतील तर बहुतेक ॲल्युमिनियम. अशी गाडी "गॅरेजपर्यंत तर जाईल" म्हणून चालवू नका, रॉड तुटला की तो क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो किंवा इंजिन जाम होऊन मागचं चाक जागेवर अडकू शकतं. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी ढकलत न्या, नाहीतर टेम्पोत टाका.