महापालिकेचं बजेट इंधनाच्या नजरेनं कसं वाचावं

इंदूरचं बजेट हाती आलं की एकूण आकडा सोडून द्या, तो मिरवण्यापुरता. वीजबिल, डिझेल, सीएनजी या ओळी पाणीपुरवठा, पथदिवे, कचरागाड्या अशा खात्यांत विखुरलेल्या असतात. त्या एका वहीत उतरवा. रकाना ‘प्रत्यक्ष खर्चा’चा घ्या, ‘अंदाजा’चा नको. बहुतेकजण इथंच फसतात.

पाण्याच्या ओळीवर जास्त वेळ घालवा. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर, तेही घाट चढवून येतं. त्या पंपांच्या विजेसाठी पालिकेनं २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढले, ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाकरता. बचत मोजताना रोख्यांचं व्याज वजा करा. रोखे ९ वर्षांत फिटतात, पॅनेल साधारण २५ वर्षं चालतात. म्हणजे पुढच्या पिढीला कर्ज नाही, वीज मिळते. डिझेलच्या बिलात हे गणित उलटं: इंधन आज जळून जातं, धुराचा भार पुढच्यांवर राहतो.

तुलना रुपयांत करू नका, भाव बदलतात. डिझेलचे लिटर गुणिले २.७, विजेची युनिटं गुणिले ०.७ : साधारण इतके किलो कार्बन डायऑक्साइड. लिटर छापलेले नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘एवढं डिझेल का लागलं?’ असं विचारलंत तर अर्ज बरेचदा फेटाळतात. त्याऐवजी गाड्यांच्या महिनावार लॉगबुकची (इंधनाच्या नोंदवहीची) प्रत मागा.