कायदा आणि नीतीच्या निबंध स्पर्धेसाठी निबंध कसा लिहायचा

जळगाव-धुळ्याकडची कॉलेजची पोरं मला निबंध वाचायला पाठवतात आणि निम्म्यांची सुरुवात ठरलेली, "कायदा आणि नीती या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत." हे वाक्य आधी खोडा. इतकं जुळत असतं तर स्पर्धा कशाला ठेवली असती भो?

नियम, शब्दमर्यादा, तारीख तुम्ही वाचलीच असेल. पुढं चला.

खरी अडचण प्रश्न शोधण्यात आहे, माझंपण सुरुवातीला इथंच अडायचं, पानं भरायची पण मी म्हणतोय काय ते मलाच सापडायचं नाही. "रस्ता अपघात आणि माणुसकी" हा नुसता विषय झाला, त्यावर कुणीही काहीही लिहितं. प्रश्न तिथं असतो जिथं कायदा थांबतो आणि मन थांबत नाही. म्हणून आधी कायदा नेमका कुठपर्यंत जातो ते बघा. समजा पारोळ्याजवळ हायवेवर कुणी जखमी पडलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 धडक देणाऱ्या ड्रायव्हरला सांगतं की जखमीला उपचार मिळवून दे. 2019 च्या दुरुस्तीत 134अ आलं, त्यात चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. आणि जो नुसता बघून निघून गेला तो? त्याच्यावर सक्ती कुठंच नाही. सापडला ना प्रश्न, न थांबणाऱ्याला शिक्षा असावी का?

आता हो की नाही ते एका ओळीत लिहा आणि ती ओळ समोर ठेवूनच बाकीचं लिहा. "दोन्ही बाजू आपापल्या जागी योग्य" असं लिहिलंत की परीक्षकाला कळतं तुम्ही घाबरलात. तुमचं उत्तर हो असेल तर रात्री स्कूटीवर एकटी चाललेली पोरगी घ्या, ती भीतीनं थांबली नाही, तिलापण आत टाकणार? विरुद्ध बाजूचा असा सगळ्यात अवघड मुद्दा स्वतःच मांडायचा आणि त्याला उत्तर द्यायचं, सोपा मुद्दा घेऊन तो पाडण्यात काही अर्थ नाही. मी तर सांगतो निबंधाचा तिसरा हिस्सा यालाच द्या, आणि या नादात तुमचं मत बदललं तर सरळ वरची ओळ बदला.

उदाहरणं दोनच पुरे. अमळनेरचे म्हणून साने गुरुजी सगळेच आणतात, आणि नुसते अश्रू आणतात. आणायचेच तर त्यांचं मे 1947 चं उपोषण आणा, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून केलेलं. अस्पृश्यता संपवणारं राज्यघटनेचं कलम 17 लागू झालं 1950 ला. नीती कायद्याच्या आधी पोचते याला याहून जवळचा दाखला आपल्याकडं कुठला?

कलमं जुनी टाकू नका. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, खुनाची शिक्षा 302 मध्ये नाही 103 मध्ये, फसवणुकीचं 420 जाऊन 318 आलं. परीक्षक वकील असला तर एवढ्यावरच नाराज होतो.

मोबाईलवरून उचललेला परिच्छेद भाषेवरून लगेच कळतो, त्या भानगडीत पडूच नका.

शेवटी एकदा मोठ्यानं वाचा, जीभ अडखळेल ते वाक्य तोडा. नाव आणि कॉलेज वेगळ्या कागदावर मागितलं असेल तर निबंधात कुठंच लिहू नका, एन्ट्री न वाचताच बाजूला पडते.