तुटलेला डीएनए पेशी कसा जोडते: कागद, बांगड्या आणि सूत घेऊन वर्गात करून बघा

बारावीच्या वर्गात ‘डीएनए तुटला तर?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं, ‘लायगेज जोडतं, मॅडम.’ खरं आहे, पण लायगेजची, म्हणजे डीएनएचे तुकडे सांधणाऱ्या एन्झाइमची, पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी तुटलंय हे कळायला हवं, मग पेशीनं थांबायला हवं आणि कशाच्या आधारानं सांधायचं ते ठरायला हवं. हा मधला भाग मुलांनी हातानं केल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून मी तो टेबलावर मांडते.

सामान साधंच: कार्डशीट, यू-पिना, सेलोटेप, स्केचपेन, लहान मुलीच्या दोन प्लास्टिकच्या बांगड्या आणि लाल सूत. सोलापुरात सूत विकत घ्यावं लागत नाही, टॉवेलच्या कारखान्यातलं उरलेलं कुणीतरी आणतंच.

दोन अरुंद पट्ट्या कापा. वरच्या पट्टीवर ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं हवी तशी लिहा. खालच्या पट्टीवर त्यांच्या जोड्या, एसमोर टी आणि जीसमोर सी. वरच्या पट्टीच्या डाव्या टोकाला ५' आणि उजव्याला ३' लिहा (ही डीएनएच्या धाग्याच्या दोन टोकांची नावं), खालच्या पट्टीला उलट. मग दोन्ही यू-पिनांनी जोडा. अशीच हुबेहूब दुसरी प्रत करून बाजूला ठेवा.

आता पहिली प्रत मधोमध आरपार कापा आणि कापलेल्या जागची अक्षरांची एक जोडी फेकून द्या. क्ष-किरणांनी असे दोन्ही धागे तुटतात, आणि टोकंही अनेकदा खराब होतात.

मुलं लगेच सेलोटेप उचलतात. तिथंच त्यांना थांबवा. घरी माग असलेल्या मुलांना हे पटकन पटतं: धागा तुटला की आधी माग बंद, मग गाठ. पेशीतही एमआरएन हा प्रथिनांचा गट तुटलेली टोकं हेरतो आणि एटीएम या एन्झाइमला जागं करतो. एटीएम आसपासच्या एच२एएक्स या हिस्टोनला (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला) फॉस्फेट लावतं, तेही लाखो अक्षरांच्या अंतरापर्यंत. म्हणून कापलेल्या जागेपासून दोन्हीकडे लाल ठिपके काढायला लावा. प्रयोगशाळेत योग्य प्रतिपिंड वापरले की हेच ठिपके सूक्ष्मदर्शकातून चमकताना दिसतात. एटीएमच पुढे सीएचके-२ आणि पी५३ या प्रथिनांमार्फत पेशीचं विभाजन रोखतं.

आता वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला बाजूला ठेवलेली प्रत देऊ नका. त्यांनी दोन्ही टोकांवर एकेक बांगडी सरकवायची. ही कू-७०/८० प्रथिनांची कडी. ती डीएनए-पीके या एन्झाइमला बोलावते, टोकं जवळ धरली जातात, खराब भाग छाटला जातो आणि लायगेज-४ सांधतं. आता लावा सेलोटेप. ‘मॅडम, अक्षर कमी झालं की!’ असं कुणी ओरडलं, तर तास जमला म्हणायचा. सांधा होतो, पण मजकुराची हमी नाही.

दुसऱ्या गटाला प्रत द्या. इथं घाई करू नका. डाव्या तुकड्याची खालची आणि उजव्याची वरची पट्टी, म्हणजे दोन्ही ५' टोकं, थोडी मागेपर्यंत छाटा. उघड्या पडलेल्या ३' शेपटीवर लाल सूत गुंडाळा. हे रॅड-५१ प्रथिन, ते चढवण्याचं काम बीआरसीए-२ हे दुसरं प्रथिन करतं. ही शेपटी अखंड प्रतीच्या यू-पिना सोडवून आत घाला, जुळणारी अक्षरं शोधा आणि गेलेलं अक्षर प्रतीवरून वाचून लिहा. इथं लिहिणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. मग शेपटी बाहेर काढून दुसऱ्या तुकड्याशी जुळवा, रिकाम्या जागा भरा आणि शेवटी सेलोटेप.

‘पेशी नेहमी असंच का करत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. अशी जुळी प्रत डीएनए दुप्पट होताना आणि झाल्यानंतरच, म्हणजे पेशीचक्राच्या एस आणि जी-२ टप्प्यांतच, हाताशी असते. त्याआधी बांगड्यांवरच भागवावं लागतं.

वेळ उरला तर दुसऱ्या गटाकडून लाल सूत काढून घ्या आणि पुन्हा सांधायला सांगा. बीआरसीए-२ बिघडलेल्या पेशीची अडचण हीच, आणि त्यामुळेच स्तनांच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण अशा गाठीतल्या पेशींवर औषधही याच अडचणीचा फायदा घेऊन चालतं. एकाच धाग्यातली तूट हेरणारं पार्प हे एन्झाइम ओलापारिब या औषधानं अडवलं, की डीएनए दुप्पट होताना त्या किरकोळ तुटींतून आरपार तुटी होतात. निरोगी पेशी त्या प्रत बघून सांधतात, कर्करोगाच्या पेशीला ते जमत नाही आणि ती मरते. हे औषध २०१४ पासून वापरात आहे.