असिस्टेड ओपनिंग चाकू घेतलाय? मग या चुका टाळा

माझ्याकडे असिस्टेड ओपनिंगचा, म्हणजे पातं थोडं ढकललं की बाकीचं आतली स्प्रिंग उघडते असा, फोल्डिंग चाकू सहा वर्षं झाली आहे, तीन इंचाचं पातं, स्टीलची मूठ, मागे क्लिप. पार्सलची टेप कापणं, बागेत टोमॅटोच्या वेलाला बांधलेल्या दोऱ्या, कँपिंगला कांदा, बस एवढंच त्याचं काम. पण या सहा वर्षांत मी ज्या चुका केल्या आणि मित्रांना करताना बघितलं त्या जवळपास सगळ्या एकाच कारणाने झाल्या, आतली स्प्रिंग नेमकं काय करते हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून आधी ते सांगतो, मग चुका.

मी राहतो अमेरिकेत, बीव्हरटनला, पोर्टलंडला लागून. ऑरेगॉनचा हा पट्टा म्हणजे चाकूवाल्यांचं गाव म्हटलं तरी चालेल, गर्बर १९३९ पासून, कर्शॉ १९७४ पासून, लेदरमन १९८३ पासून, सीआरकेटी १९९४ पासून, आणि बेंचमेड शेजारच्या ऑरेगॉन सिटीत. हवाईचे चाकू बनवणारे केन ऑनियन यांची स्पीडसेफ नावाची यंत्रणा कर्शॉने नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बाजारात आणली आणि तिथून हा प्रकार सगळीकडे पसरला.

आत काय असतं, तर एक बारीक वाकवलेली तार, तिला टॉर्शन बार म्हणतात. तिचं एक टोक मुठीत अडकवलेलं आणि दुसरं पात्यात. चाकू बंद असतो तेव्हा ही तार पात्याला आत दाबून धरते, म्हणजे ती चाकू उघडू देत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पात्याच्या मागे जो छोटा कान बाहेर आलेला असतो, फ्लिपर, तो तुम्ही बोटाने दाबला की पातं थोडं बाहेर येतं, साधारण तीस अंश, आणि तो टप्पा ओलांडला की तीच तार उलट्या बाजूने ढकलायला लागते आणि पातं सटकन पूर्ण उघडून लॉक होतं. काही कंपन्या तारेऐवजी गुंडाळीची स्प्रिंग वापरतात पण हिशोब तोच. एकच स्प्रिंग बंद पण ठेवते आणि उघडते पण. पुढचं सगळं यावरच आहे.

अर्धवट दाबणं

नवीन माणूस घाबरून हळूच दाबतो. मग पातं त्या तीस अंशांच्या आधीच थांबतं आणि परत आत जातं, आणि मग तो दुसऱ्या हाताने पातं ओढून काढायला जातो, तिथे बोट कापतं. फ्लिपर दाबायचा तर एका दमात, लाइटचं बटण दाबतो तसा, आणि मनगट झटकायची अजिबात गरज नाही, तार आहे ना त्यासाठीच.

तरीही जड जात असेल तर बाकीची बोटं कुठे आहेत ते बघा. फ्रेम लॉकवाल्या चाकूत मुठीचाच एक भाग लॉकचं काम करतो, तुम्ही मूठ घट्ट आवळली की तो भाग पात्यावर दाबला जातो आणि पात्याला ब्रेक लागतो. मी पहिले दोन आठवडे चाकूच खराब आहे असं समजून परत करायला निघालो होतो, बोटं सैल करून कडेला धरल्यावर पहिल्याच झटक्यात उघडला.

बंद करताना अंगठा मध्ये असणं

सगळ्यात जास्त जखमा उघडताना होत नाहीत, बंद करताना होतात, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती असं मनापासून वाटतं. साधा चाकू बंद करताना पातं आपण ढकलू तेवढंच येतं. इथे तसं नाही, इथे तार तुमच्या विरोधात उघडायच्या बाजूला ढकलत असते म्हणून तुम्ही जास्त जोर लावता, जोर लावता, आणि शेवटच्या त्या तीस अंशांत तार बाजू बदलते आणि पात्याला आत ओढते. म्हणजे तुमचा जोर अधिक तारेचा जोर, आणि मध्ये अंगठा. मला अंगठ्याला तीन टाके पडले, दुसऱ्याच महिन्यात, गॅरेजमध्ये खोके कापत होतो, बोलता बोलता एका हाताने बंद केला.

तर पद्धत अशी ठेवा. अंगठ्याने लॉक बाजूला करा, दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून थोडं आत आणा, आता लॉकवरचा अंगठा काढून मुठीच्या कडेवर न्या, धारेच्या वाटेत एकही बोट नाही हे डोळ्यांनी बघा, आणि मग तळव्याने पाठीवर दाबून बंद करा. एका हाताने बंद करता येतो, बरेच जण करतात, मी नाही करत. हात ओले किंवा तेलकट असतील तर आधी पुसा, गुळगुळीत स्टीलची मूठ ओल्या हातात साबणासारखी सरकते.

सेफ्टी आणि खिसा

काही मॉडेलना टोकाजवळ छोटी सरकपट्टी असते, ती पुढे केली की पातं बाहेर येत नाही. लोक ती एकतर कधीच लावत नाहीत किंवा लावून विसरतात आणि मग लावलेली असतानाच फ्लिपरवर जोर देतात. असं पाच-दहा वेळा झालं की पट्टीचा स्क्रू ढिला होतो आणि सेफ्टी नावापुरती राहते. घरात लहान मूल असेल तर मात्र ती लावायचीच, आणि चाकू वरच्या कपाटात. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिने खिशाला लटकलेली क्लिप ओढून चाकू काढला होता, पट्टी लावलेली होती म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून घरात आलो की चाकू आधी कपाटात, मग बाकी सगळं.

खिशात कसा ठेवता तेही बघा. टोक वरच्या दिशेला येईल अशी क्लिप लावली असेल तर पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकलेली हवी, म्हणजे चुकून फ्लिपर दाबला गेला तरी पात्याला उघडायला जागाच नाही. आणि चाकू एकटाच ठेवायचा. त्याच खिशात किल्ल्या, नाणी टाकली तर तीच फ्लिपरला लागतात, शिवाय खिशातली बारीक लव आत जाऊन बसते.

तेल

ही लव, धूळ, फळाचा रस, टेपचा गोंद हे सगळं पिव्हटमध्ये म्हणजे पातं जिथे फिरतं त्या खिळीपाशी जमतं आणि मग चाकू अर्धाच उघडतो. लोकांना वाटतं स्प्रिंग गेली. दहातल्या नऊ वेळा स्प्रिंग ठणठणीत असते, आत नुसता चिकटा असतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, जुना टूथब्रश, उघडून आतपर्यंत धुवायचं, लगेच फडक्याने कोरडं करायचं, पंख्याखाली उघडा ठेवायचा, आणि पूर्ण वाळला की पिव्हटला एक थेंब तेल. एकच थेंब. जास्त घातलं तर धूळ धरतं आणि आठवड्यात परत तेच.

तेल कुठलं यात मी मोठी चूक केली, म्हणजे खरं तर बाबांनी प्रेमाने केली. मे महिन्यात कोल्हापूरला गेलो होतो, चेक-इन बॅगेतून चाकू पण नेला होता, आंबे कापून कापून तो जाम झाला, तर बाबांनी धुवून पुसून त्याला खोबरेल तेल लावून दिलं. मे महिन्यात झकास चालला. नोव्हेंबरमध्ये बीव्हरटनला पातं अर्ध्यात अडकायला लागलं, मी स्क्रू ढिला कर, घट्ट कर, सगळं करून बघितलं. मग लक्षात आलं की खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि इथे गॅरेजमध्ये सात-आठ अंश असतात. घरातली खाण्याची तेलंही नकोत, गोडेतेल काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल वापरा, ते पातळ असतं, कुठल्याही दुकानात मिळतं. डब्ल्यूडी-४० गोंद आणि घाण काढायला चांगलं आहे पण ते उडून जातं, त्यानंतर खरं तेल घालावंच लागतं. आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात राहणाऱ्यांनी स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नये, खारी हवा आणि लिंबा-कैरीचा रस यांनी स्टेनलेसवरही डाग पडतात, तारेवर गंज चढला तर तो दिसतही नाही.

स्क्रू आणि उघडून बघायची हौस

पिव्हटचा स्क्रू बहुतेक वेळा टॉर्क्सचा असतो, चांदणीसारख्या खाचेचा. त्यात ॲलन की किंवा घड्याळाचा पेचकस घुसवला की खाच गेलीच. पातं डावी-उजवीकडे हलतंय म्हणून लोक स्क्रू करकचून आवळतात, मग पातं हलत नाही पण उघडतही नाही, कारण बारीक तारेला तेवढं घर्षण झेपत नाही. थोडासा फिरवा, उघडून बघा, परत थोडासा. ढिला होत राहत असेल तर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, स्क्रूच्या आट्यांवर अगदी किंचित, पात्याकडे जाऊ न देता.

पूर्ण खोलू नका. तार ताणलेली असते, मूठ वेगळी केली की ती उडते, डोळ्याला लागू शकते, आणि परत बसवणं घरच्या टेबलावर वाटतं तेवढं सोपं नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी मानत नाहीत.

तार तुटू शकते, बारीक आहे, वर्षानुवर्षं वाकते आहे. तुटली की कसं कळतं, तर उघडताना तो जोर जाणवत नाही, आणि बंद चाकू उलटा धरून हलवला की पातं स्वतःहून बाहेर डोकावतं. इथे लोक म्हणतात की चालतंय, हाताने उघडू. नका हो. बंद ठेवायचं काम पण तीच तार करत होती हे विसरू नका, आता खिशात त्याला धरून ठेवणारं काही नाही. सेफ्टीपट्टी असेल तर लावा, नसेल तर रबरबँड घाला आणि कंपनीला लिहा.

टोक आणि धार

डब्याचं झाकण, स्टेपल, रंगाचा डबा, हे टोकाने उचकटायचं नाही. या चाकूंची टोकं कापायला पातळ ठेवलेली असतात, आडवा जोर आला की तुटतात. मी पेचकस आणायला उठायचा कंटाळा केला आणि दोन मिलिमीटर टोक गेलं, ते घासून नीट करायला रविवारची दुपार गेली.

धारवाल्याकडे देऊ नका असं सांगताना मला वाईट वाटतं कारण आमच्या गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणारे काका विळी आणि कात्री फार सुंदर लावायचे. पण कोरड्या फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार क्षणात तापते, स्टीलचं पाणी उतरतं आणि मग ती धार टिकत नाही. धार लावायचा पाण्याचा दगड घ्या, हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पुरेसा आहे, दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंश, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा हात. धार लावताना पातं पूर्ण लॉक झालेलं हवं.

कायदा न बघता सोबत नेणं

कोल्हापूरला माझ्या मामांनी चाकू बघितला आणि पहिलं वाक्य, "अरे, हा तर रामपुरी!" मी समजावलं की रामपुरीला मुठीत बटण असतं, ते दाबलं की झालं, इथे पात्याच्याच कानाला हाताने ढकलावं लागतं. अमेरिकेच्या कायद्यात हाच फरक निर्णायक ठरला. १९५८ चा फेडरल स्विचब्लेड कायदा बटणाच्या चाकूंसाठी होता, २००९ मध्ये कस्टम्सने असिस्टेड चाकूंनाही त्यात धरायचा प्रस्ताव आणला, आणि त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दुरुस्ती करून ज्या चाकूची यंत्रणा पात्याला बंद ठेवायच्या बाजूला ओढते आणि तो ओढा हाताने मोडावा लागतो त्याला सूट दिली. म्हणजे ते तीस अंशच. पण हा फेडरल कायदा, राज्यांचे वेगळे, आमच्या ऑरेगॉनमध्येच स्प्रिंगच्या जोरावर पातं बाहेर येणारा चाकू अंगावर लपवून नेणं गुन्हा आहे, म्हणून मी तो घर, बाग आणि कँपिंगपुरताच ठेवतो.

आणि मामांची भीती अगदीच चुकीची नव्हती. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेप्रमाणे बटणाचे किंवा कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर, शस्त्र कायद्यात येतात. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच, म्हणजे माझ्या चाकूची लांबी. महाराष्ट्रात सण, निवडणुका, मोर्चे असले की पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात सुरेही असतात, आणि तेव्हा "कांदा कापायला आहे साहेब" हे नाक्यावर कोण ऐकणार. इंग्लंड-वेल्समध्ये तर जुलै २०२१ पासून असा चाकू घरात ठेवणंही गुन्हा आहे, तिथल्या भावाला वाढदिवसाला पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. विमानात केबिन बॅगेत असा चाकू चालत नाही, आणि चेक-इनमधून गेला तरी उतरल्यावर तिथला कायदा लागू होतोच.

त्या एका फेरीनंतर मी तो भारतात नेलेला नाही. बाबांसाठी बाजारातून बिनस्प्रिंगचा, लाकडी मुठीचा साधा चाकू आणलाय, दोन हातांनी उघडायचा, आणि त्याला ते खुशाल खोबरेल लावतात.