एबीएसचा दिवा लागला? मॉड्यूलच्या आधी चाकं बघा

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. जुन्या गाडीत तिचा पिवळा दिवा लागला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "मॉड्यूल गेलं." म्हणजे एबीएस चालवणारा कॉम्प्युटर गेला. मी चिपळूणला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. पाऊस आणि खारी हवा खाल्लेल्या गाड्या रोज हाताखालून जातात. त्यांत दोष बहुतेक वेळा चाकापाशीच सापडतो. कधी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, कधी त्याची वायर, कधी सेन्सरसमोर फिरणारी दातेरी रिंग. मॉड्यूलसाठी लोकांनी उगाच पैसे मोजू नयेत, म्हणून माझा तपासायचा क्रम सांगतो.

आधी दिव्याकडे नीट बघा. चावी ऑन केली की एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर गाडी ठीक आहे असं समजू नका. कुणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी बऱ्याच गाड्यांत ते वरच्या मॉडेललाच मिळायचं, आणि सेकंडहँड बाजारात "एबीएसवाली" म्हणून अशा गाडीला जास्त भाव सांगतात. पैसे देण्याआधी ही दोन सेकंदांची तपासणी कराच.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. गाडी सावकाश चालवत गॅरेजला नेता येते. पण हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा पिवळ्याबरोबर पेटून राहिला, तर गाडी जागेवरच थांबवा. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. किंवा ईबीडीही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोयही, बंद पडलेलं असतं, आणि मग मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी कुंभार्ली घाटात घालायची नाही. टो करून आणायची.

आता बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती खाली गेली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका, पॅड झिजलेत की कुठे गळती आहे ते शोधा. बॅटरीची टर्मिनल्स घट्ट आणि स्वच्छ हवीत. इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःहून बंद होतं. फ्यूज बघताना पंप आणि व्हॉल्व्हचे मोठे फ्यूज विसरू नका, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या बॉक्समध्ये असतात.

एवढं करून दिवा गेला नाही, तर स्कॅनर लावा. मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतं. एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो, जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळेल. 'पुढचं डावं चाक, सिग्नल नाही' असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं मात्र नाही. कोड चाक सांगतो, पार्ट सांगत नाही.

ते चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. आधी वायर बघायची. हबपासून मडगार्डच्या आतपर्यंत ती बोटांनी चाचपत जा. स्टिअरिंग वळताना जिथे ती दुमडते, तिथे वरचं रबर चांगलं दिसत असतानाही आतली तार तुटलेली असते. कनेक्टर उघडून पिना हिरव्या पडल्यात का बघा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर हेच जास्त सापडतं. महिनाभर उभी असलेली गाडी असेल तर उंदरांवर संशय घ्या.

मग सेन्सर. तो दोन प्रकारचा असतो, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. कनेक्टर काढा, चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि लगेच गाडीकडच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं आलं तर सेन्सर बाहेरून वीज लागणारा, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आहे. त्याचे ओहम (रेझिस्टन्स) मोजण्यात अर्थ नाही, त्याची तपासणी स्कॅनरवर चाक फिरवूनच करायची. एवढं व्होल्टेज न येणाऱ्या, जुन्या चुंबकीय सेन्सरचे ओहम मोजता येतात. साधारण ८०० ते २००० मध्ये येतात, पण खरी तुलना दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी करा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की आकडा हलला पाहिजे.

रिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गुहागरहून एक २०१० ची डिझेल हॅचबॅक आली होती. दिवा कधी लागायचा, कधी नाही. पण सिग्नलला थांबताना, गाडी अगदी हळू झाली की पेडल पायाखाली टर्रर्र थरथरायचं. रस्ता कोरडा, ब्रेक हलका, तरी एबीएस चालू! स्कॅनरवर चारही चाकांचा वेग शेजारी शेजारी लावला. २० च्या वेगाला तीन चाकं बरोबर, पुढचं उजवं मात्र दर फेऱ्याला क्षणभर खाली यायचं. एक्सलवरची रिंग वायर ब्रशने घासली, तेव्हा दोन दातांमध्ये केसाएवढी चीर दिसली. रिंगच्या आत गंज फुगतो आणि रिंग तडकते. तिथलं अंतर वाढलं की कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक होतंय. रिंग बदलली, सेन्सर जुनाच ठेवला.

काही गाड्यांत दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. नवं बेअरिंग टाकल्याबरोबर दिवा लागला असेल, तर ते उलटं बसलंय का हे आधी विचारा.

चारही चाकं बरोबर निघाली तरच मॉड्यूलकडे वळा, आणि तिथेही आधी सप्लाय आणि अर्थिंगचा बोल्ट तपासा. मॉड्यूल पंपासकट बदललं, तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो, तो असलेल्या गॅरेजमध्येच काम द्या.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी चालवा. बऱ्याच गाड्यांत थोडा वेग घेतल्यावरच सिस्टिम स्वतःची तपासणी पूर्ण करते आणि दिवा विझतो. मग मोकळ्या कच्च्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे बघून, ३० च्या वेगाला एकदा जोरात ब्रेक मारा. पेडल थरथरलं, स्टिअरिंग वळत राहिलं आणि दिवा परत लागला नाही, तर गाडी मालकाच्या ताब्यात द्या.