कमी खर्चात दुकानाची वेबसाइट गुगलवर वर कशी आणायची

महिन्याच्या हप्त्यावर 'एसईओ' (शोधनिकालात साइट वर आणण्याचं काम) करून देणारा माणूस लावण्याआधी एक तपासणी स्वतः करा. गुगलच्या शोधपट्टीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमचा वेबपत्ता टाका. एकही पान आलं नाही, तर बहुधा तुमची साइट गुगलच्या दप्तरी नोंदलेलीच नाही. कारण पुष्कळदा अगदी किरकोळ निघतं. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर साइट तयार होत असताना सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' पानावर शोधयंत्रांना थोपवणारी खूण केलेली असते आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. ती काढा, मग पुढचं.

दुसरी अडचण खास मराठी साइटची. जुन्या साइटवरचा मजकूर अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव अशा बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतो (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धती). पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं. एक परिच्छेद कॉपी करून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवा; तिथे गिचमीड उमटली तर गुगललाही तीच वाचायला मिळते. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात हमखास तिथेच मोडतोड होते. दरपत्रक किंवा पत्ता नुसता चित्रात असेल, तर तोही टाइप करून पानावर टाका.

आता गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद. ज्याचं गिऱ्हाईक चार-पाच किलोमीटरच्या टापूतलं आहे, त्याने वेबसाइटच्याही आधी हे पूर्ण करावं. ते फुकट आहे. नकाशात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, म्हणून बाकीच्या दोहोंवर मेहनत घ्यायची. नाव पाटीवर आहे तेच लिहा. त्याला 'पुण्यातील नंबर एक' वगैरे शेपूट जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मुख्य वर्ग, म्हणजे धंद्याचा प्रकार, एकच निवडता येतो, जोडीला आणखी नऊ. मुख्य वर्ग सर्वांत महत्त्वाचा, तेव्हा तो नेमका निवडा. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो सलग, न कापता घ्यायचा: रस्ता, पाटी, आतला माल आणि तुम्ही स्वतः कुलूप उघडताना किंवा गल्ल्यावर काम करताना.

वेळा भरताना दुपारची सुट्टी विसरू नका. एकाच दिवसाच्या दोन पाळ्या भरता येतात, उदाहरणार्थ ९ ते १ आणि ४ ते ८. गणेशोत्सवात मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हाच्या खास वेळा वेगळ्या नोंदवा. कोथरूडहून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं की तो एक तारा देऊन जातो, आणि त्यात चूक त्याची नसते. अभिप्राय जरूर मागा. त्याची लिंक क्यूआर कोड करून काउंटरवर लावा, पण बदल्यात सवलत देऊ नका; ते नियमाविरुद्ध आहे.

वेबसाइटवर खरं काम शब्दांचं. समजा, कसबा पेठेत तांबट आळीजवळ भांड्यांचं दुकान आहे आणि तिथे कल्हईही करून मिळते. साइटवर मात्र 'दर्जेदार सेवा, विश्वासाची परंपरा' एवढंच. असं कुणी शोधत नाही. लोक 'कल्हई कुठे करून मिळेल', 'पितळी पातेल्यात कढी कळकते' असं शोधतात. म्हणून कल्हईचं एक स्वतंत्र पान करा. शीर्षक: 'पितळी व तांब्याच्या भांड्यांना कल्हई, कसबा पेठ, पुणे', पुढे दुकानाचं नाव. साधारण ६० अक्षरांपुढचं शीर्षक शोधनिकालात कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी. पानात लिहा: कोणत्या मापाच्या भांड्याला काय दर, भांडं कधी परत मिळेल, कथिल कोणतं वापरता, कल्हई लवकर का जाते, तारेच्या घासणीने का घासू नये. काउंटरवर रोज विचारले जाणारे दहा प्रश्न वहीत उतरवून काढले की अर्धं पान तयार होतं. पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते.

तोच मजकूर ठेवून फक्त 'कोथरूड', 'बाणेर', 'हडपसर' बदलत वीस पानं काढू नका. गुगल त्याला स्पॅम धरतं.

फोटो मोबाइलवरून थेट चढवले की साइट जड होते. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी (फोटो हलका ठेवणारा) प्रकार आणि आकार शक्यतो २०० केबीच्या आत ठेवा. मग पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासायच्या साधनावर मोबाइलचा निकाल बघा: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. सगळ्यांत वरच्या फोटोला 'लेझी लोड' (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवण्याची सोय) लावलेलं असेल तर काढा, त्याने तो उलट उशिरा येतो.

पैसे कुठे घालवू नयेत? 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमध्ये दडवलेली शोधशब्दांची यादी) भरण्यासाठी तर नाहीच. क्रमवारीसाठी आपण ते वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच सांगितलं आहे. इतर साइटवरच्या विकतच्या लिंका नकोत. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा, तशी हमी कुणालाच देता येत नाही. त्यापेक्षा डोमेन (साइटचा पत्ता) आणि प्रोफाइल तुमच्याच ईमेलवर आहेत ना, हे आज तपासा. साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर डोमेन राहिलं आणि तो फोन उचलेनासा झाला, की सगळी मेहनत अडकते.

शेवटचं साधन गुगलचं सर्च कन्सोल; साइट शोधात कशी दिसते ते त्यात कळतं, आणि तेही फुकट. डोमेनच्या डीएनएसमध्ये (पत्त्याच्या नोंदींमध्ये) तिथे दिलेली टीएक्सटी म्हणजे मजकुराची नोंद टाकून मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप (पानांची यादी) जोडा. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, म्हणून रोज बघू नका. तीन महिन्यांनी 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन सरासरी क्रमांक ८ ते २० मधले शोध वेगळे काढा. त्यांतले जे पुष्कळदा दिसतात पण ज्यांवर क्लिक पडत नाही, त्या शोधांत येणाऱ्या पानांचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद आधी सुधारा. बदलाची तारीख वहीत लिहा आणि निदान महिनाभर त्या पानाला पुन्हा हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.